सेप आणि क्वीनीची खाज

आमच्या सेपला कुणी शहाणा म्हटलेलं मी आजवर ऐकलं नाही, आणि मी तर नाहीच म्हणणार. माझा तो धाकटा दीर. नॅट्रासांच्या घरातलं सातवं पोर, म्हणून बापानं फार डोकं न शिणवता सेप्टिमस, म्हणजे सातवा, असंच नाव ठेवून दिलं. घरात जे काही शहाणपण होतं ते पहिल्या सहांनी वाटून घेतलं असावं. माझा नवरा आर्थर पाचवा. त्याच्याही वाट्याला फार आलं नव्हतं, पण निदान त्यानं लग्न तरी केलं. सेपनं तेही केलं नाही. त्यानं फेरेट पाळले.

आमच्या हेसली गावात फेरेट पाळणं म्हणजे काही जगावेगळं नव्हे. कोळशाची खाण चालू होती तेव्हा दर दुसऱ्या घरातल्या पुरुषाचा रेल्वेच्या कडेला भाजीचा एक तुकडा असे, तुकड्यावर एक खोपट, आणि खोपटात एक तर कबुतरं नाही तर फेरेट. फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा प्राणी, हातभर लांब, अंगानं निमुळता, डोळे मण्यांसारखे. एका टोकाला बिळाच्या तोंडावर जाळी लावायची, दुसऱ्या टोकानं फेरेट आत सोडायचा, की ससा जीव घेऊन बाहेर पळतो आणि जाळीत अडकतो. माणसं दिवसभर जमिनीच्या पोटात जायची आणि रविवारी दुसऱ्या कुणाला तरी जमिनीच्या पोटात धाडायची. त्यात त्यांना काय गंमत वाटे ते मला कधी कळलं नाही.

पण संपाच्या वर्षी आमच्या गल्लीनं जे मांस खाल्लं ते सेपच्या सशांचं, हे मी कबूल करते. तेव्हा त्याच्याकडे बेस नावाची मादी होती. बर्फात, पावसात, कधीही हा तिला कोटाच्या आत घालून माळावर जायचा आणि येताना सगळ्यांच्या दाराला ससे टांगून जायचा. न बोलता. दार वाजवायचं नाही, आभार ऐकून घ्यायचे नाहीत. मी इतके ससे शिजवले की आजही सशाचं कालवण पुढं आलं की माझी भूक मरते. क्वीनी ही त्या बेसची पणती.

मग खाण बंद झाली. शेवटच्या दिवशी जो तो आठवण म्हणून काही ना काही घेऊन आला. कुणी दिवा आणला, कुणी पितळी बिल्ला, टॉट हाइंडमार्शनं तर कचेरीतलं घड्याळच उचललं. आणि आमच्या सेपनं काय आणलं? खाणीच्या न्हाणीघरातलं साबणाचं खोकं. नारिंगी-काळसर, विटेएवढ्या वड्या, तो डांबराचा उग्र वास.

"अरे, लोक दिवे आणतात आणि तू साबण?" मी म्हटलं.

"दिवा काय चाटायचाय?" तो म्हणाला. "कोळसा अंगातून काढतो तो एवढा एकच साबण, हिल्डा. बाकीचे नुसते वासाचे."

खोटं नव्हतं ते. माझा बाप, माझा आर्थर, सगळे त्याच वासाचे. आमच्याकडे तो वास आला की समजायचं, माणूस खाणीतून वर आला, धड आला, आता चहा टाका. त्या वासाला मी वास म्हणतच नव्हते.

खाण गेली तशी सेपची छातीही गेली. कोळशाची धूळ काही साबणानं निघत नाही. जिना चढताना दोनदा थांबायचा. बाकीचे फेरेट एकेक करून मेले किंवा देऊन टाकले, उरली ती क्वीनी. मलईच्या रंगाची, चिमटीत मावेल एवढं डोकं आणि अंगात सगळ्या हेसलीची मस्ती. सकाळी तिला खायला घालायचं म्हणून सेप अंथरुणातून उठायचा. मी स्पष्टच सांगते, ती नसती तर तो उठला नसता. आमच्या गल्लीत न उठलेले पुरुष मी पाहिलेत. दाढी वाढते, पडदे ओढलेले राहतात, आणि मग एक दिवस दाराशी गाडी येते.

त्या वसंतात तिला टॉटच्या नराकडे नेऊन पिल्लं घ्यायची असं ठरलं होतं. बेसची वेल पुढं जायला हवी, एवढं एकच सेप बोलायचा. पिल्लांची नावंसुद्धा ठरवून बसला होता, मूर्ख.

गुड फ्रायडेला आमच्याकडे दोन कामं व्हायचीच. तुकड्यावर बटाटे लावायचे आणि खोपटं, कुंपणं, खुराडी सगळ्यांना डांबराचं तेल फासायचं, म्हणजे लाकूड कुजत नाही. सगळी रेल्वेकड त्या दिवशी रस्ता बांधायला काढल्यासारखी वास मारायची. सेपनंही दरवर्षीप्रमाणे खुराडं फासलं. त्या वर्षी जरा जास्तच, पिल्लं येणार म्हणून.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो माझ्या दारात उभा. कोट फुगलेला, कोटात क्वीनी.

"ही बघ गं जरा. खाजवतेय सारखी."

मी काय बघणार? माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर ती बसली आणि मागच्या पायानं हनुवटी अशी खरवडायला लागली की माझेच दात शिवशिवले. पोटाखालचे केस विरळ झाले होते, कातडी लालभडक. पंज्यांच्या बोटांमध्येही लाल. डोळ्यांना पाणी. मधूनच फटाफट शिंका.

"सर्दी झाली असेल," मी म्हटलं. "आणि टेबलावरून उचल तिला, मला पीठ मळायचंय."

टॉटकडे गेला. टॉट म्हणजे रेल्वेकडेचा धर्मगुरूच. त्यानं एकदा तोंड उघडलं की बाकीच्यांनी टोप्या काढायच्या. तो म्हणाला, "माजावर आलीय पोरा, माद्यांचे शेपटीचे केस गळतातच." पण तिचे केस शेपटीवरचे नव्हते गेलेले, पोटावरचे गेले होते. मग टॉटनं चष्मा लावला आणि निकाल फिरवला. "खरूज. गंधक आणि डुकराची चरबी चोळ."

चोळली. क्वीनी पिवळीधमक झाली आणि आणखी खाजवायला लागली. "प्राण्यांच्या डॉक्टरकडे ने," असं मी म्हटलं तर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी फावडं डॉक्टरकडे न्यायला सांगत होते. कुत्र्याला नेतात, कारण कुत्रं घरातलं. फेरेटला कुणी नेलेलं हेसलीत कुणाला आठवत नव्हतं. फेरेटचं दुखणं ज्याचं त्यानं खोपटात बघायचं. तसा रिवाजच होता, आणि रिवाजापुढं आमची माणसं मान तुकवतात, मग त्यात मान मोडली तरी चालेल.

अशात सेपच्या छातीनं दगा दिला. त्याला इस्पितळात ठेवून घेतलं आणि क्वीनी आली माझ्या गळ्यात. मी तिला कपाटाच्या जुन्या खणात, जुना पंचा टाकून, चुलीजवळ ठेवली. गंधकबिंधक मला जमणार नव्हतं. कोमट पाण्यानं ती चरबी पुसून काढली आणि खाटकाकडून आणलेलं काळीज तेवढं बारीक करून घातलं. तिनं माझे दोन मोजे चोरले, बटाट्यांच्या टोपलीत झोप काढली, आणि बरी व्हायला लागली. शिंका थांबल्या. पोटावर मऊ पांढरी लव आली.

मला कोण अभिमान. सेप घरी आला तेव्हा मी तिला उलटी करून त्याला पोट दाखवलं.

"माझ्या काळजानं बरी झाली," मी म्हटलं. "तुझा टॉट गेला उडत."

सेपनं त्या लवेवरून अंगठा फिरवला. इस्पितळातून आलेला माणूस, ओठ निळे पडलेले, आणि चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. "पिल्लं होतील आता," तो म्हणाला.

आणि मग ते दोघे दीडशहाणे रेल्वेकडेला गेले आणि ठरवून मोकळे झाले की खरजेचे किडे लाकडात दडून बसलेले असणार. क्वीनी परत आली की पुन्हा धरणार. तेव्हा किडे मारायचे. कशानं? डांबराच्या तेलानं. आतूनबाहेरून, दोन हात. धाप लागत होती तरी सेपनं स्वतः फासलं, टॉटला ब्रश धरू दिला नाही. आणि वाळल्यावर तिला आत ठेवली.

आठवडा गेला नसेल, ती पहिल्यापेक्षा वाईट झाली. हनुवटी सुजली, पोटावर खपल्या धरल्या, श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची. तिचा आणि सेपचा श्वास शेजारी शेजारी ऐकला तर कुणाचा कुठला ते कळू नये.

आता सेपनं एकेक गोष्ट काढायला सुरुवात केली. आधी कोंबडीची मुंडकी बंद. मग दूधपाव बंद. भुसा काढून पेंढा घातला, पेंढा काढून वर्तमानपत्रं फाडून घातली. तिच्या शिंका आपल्या धुरानं असतील म्हणून पाईप सोडला. चौदाव्या वर्षापासूनचा पाईप. डॉक्टर सांगून थकले, मी कानीकपाळी ओरडले, आर्थर मरताना सांगून गेला, तेव्हा सोडला नाही, आणि फेरेट शिंकली म्हणून सोडला. सगळं काढलं त्यानं तिच्याभोवतीचं. खुराडं तेवढं काढलं नाही, कारण खुराडं तर औषध लावलेलं होतं.

शेवटी माझंच टाळकं फिरलं. मी त्याला म्हटलं, "सेप, तू आज तिला डॉक्टरकडे नेणार आहेस, नाही तर मी टोपलीत घालून नेते आणि वाटेत सगळ्यांना सांगते की सेप नॅट्रासला लाज वाटते म्हणून त्याची भावजय आली."

तो कोट घालून निघाला, आणि मागोमाग मी.

डॉक्टरीण नवीन होती, मिस ओगिल्व्ही, स्कॉटलंडकडची, आखूड केसांची. हसली नाही, त्याबद्दल मी तिला मनातल्या मनात दुवा दिला. तिनं क्वीनीची कातडी पात्यानं किंचित खरवडली, काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली.

"खरजेचा किडा एकही नाही," ती म्हणाली. "आणि खरूज असती तर मिस्टर नॅट्रास, एव्हाना तुम्हीही खाजवत असता. हिचं बघा, जिथं अंग टेकतं तिथंच लाल आहे. हनुवटी, पोट, पंजे. हिला काहीतरी सोसत नाहीये. मध्ये कधी बरी होती का?"

"माझ्याकडे होती तेव्हा," मी म्हटलं. "काळीज घालत होते."

"तुमच्याकडे झोपायची कुठं?"

"खणात. पंच्यावर."

"आणि यांच्याकडे?"

सेपनं खुराड्याचं सांगितलं. दोन हात लावले तेही सांगितलं, जरा ऐटीतच. डॉक्टरीण खाली वाकली आणि तिनं क्वीनीच्या पाठीशी नाक नेऊन हुंगलं.

"डांबर," ती म्हणाली. "डांबरानं मुळातच कातडी भाजते, आणि हिच्या अंगानं तर आता त्याच्याशी उभा दावाच धरलाय. दर खेपेला जास्त चिडणार. यापुढं डांबराचा कण हिच्याजवळ येता कामा नये, नाही तर एक दिवस घसा सुजून श्वास बंद होईल."

सेपचा चेहरा मी पाहिला. रंग उतरला होता. "मीच फासलं," तो म्हणाला. "दोनदा."

"तुम्हाला माहीत नव्हतं," ती म्हणाली. इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, चतकोर करून काळजात लपवून घालायच्या. घरात ठेवा, सुती कापडावर. आणि निघताना म्हणाली, "अंगावर बसलेलं आहे ते धुऊन काढा. स्वच्छ ठेवा तिला."

कशानं धुवायचं ते ती बोलली नाही. तिची तरी काय चूक? आणि आम्ही दोघांनी विचारलं नाही. खाणीत उभा जन्म काढलेल्या माणसानं धुवायचं कशानं हे काय विचारायचं असतं?

सेपनं त्याच दिवशी खुराडं मोडून जाळलं. खोपटात घालायचा कोट जाळला, हातमोजे जाळले. टॉट बघत उभा होता. त्यानं टोपी काढून हातात धरली, एवढंच. क्वीनी सेपच्या बैठकीत राहायला आली, आईच्या खुर्चीत, जिथं आर्थरलासुद्धा कधी बसायची मुभा नव्हती. चार दिवस बरं वाटलं. मी गेले की ती पडद्यावर चढलेली असायची.

मग पुन्हा सुरू झालं. पुन्हा हनुवटी, पोट, आणि आता पाठसुद्धा, सगळं अंग. सेपच्या जिवाचं पाणी झालं. मी विचारलं, गोळ्या घालतोस? घालतो. डांबर कुठं शिल्लक? कुठं नाही. डॉक्टरिणीनं पुन्हा बोलावून पाहिलं, पुन्हा तेच विचारलं, आणि त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "बाई, घरात डांबराचा थेंब नाही. आणि स्वच्छ म्हणाल तर रोज धुतो तिला." तिनं मान हलवली. रोज नको, म्हणाली, कातडी कोरडी पडते. गोळी वाढवून दिली. सेपला वाटलं, बाई हात टेकायला लागली. म्हणून त्यानं धुणं कमी केलं, पण जरा जोरानं धुवायला लागला.

मला खरंच कळलं नव्हतं. तो तिला मागच्या मोरीत धुवायचा, मी जायचे तेव्हा ती कोरडी होऊन खुर्चीत असायची. घरात वास होता, पण तो नॅट्रासांच्या घराचा वास होता. जन्मभर नाकात बसलेला. त्या परक्या बाईला तो नेमका आला असता, पण ती घरी कशाला येते? आणि तिच्याकडे जाताना सेप अंगावर आर्थरचा कोट घालायचा, क्वीनी त्याच्या आत, आणि कोटातल्या तंबाखूच्या वासात बाकीचं सगळं झाकून जायचं.

त्या दिवशी मी पाव घेऊन गेले तर दार उघडंच. सेप मोरीत जमिनीवर बसलेला, पंच्यात क्वीनी, ओली. तोंड सुजून डोळे मिटलेले, हिरड्या पांढऱ्या. छाती वरखाली होत होती पण आत काही जात नव्हतं. मी डॉक्टरिणीला फोन करायला नाक्यावर पळाले. ती निघते म्हणाली. मी परत आले तेव्हा छाती हलत नव्हती.

सेप रडला नाही. त्याला रडायला श्वासच पुरत नव्हता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जे मी आर्थरच्या वेळीही केलं नव्हतं.

"सांगितलं ते सगळं केलं मी," तो म्हणाला. "केलं ना गं हिल्डा?"

"केलंस बाबा. सगळं केलंस."

मग त्यानं मला नाक्यावरून पुन्हा फोन करून डॉक्टरिणीला येऊ नका म्हणून सांगायला लावलं. कशाला तिला त्रास, म्हणाला. आता ती येऊन काय करणार होती ते मलाही सुचेना, म्हणून मी जाऊन सांगून आले.

येते तो सेपनं बादलीत कोमट पाणी काढलेलं. क्वीनीनं शेवटी मुतून ठेवलं होतं, पोटाचे केस चिकटले होते. "अशी घाण नाही पुरायची," तो म्हणाला. "आमच्याकडे माणूस वर आला की आधी धुतात. तो साबण दे गं."

मी वळले. मोरीच्या कडेवर वडी होती. नारिंगी-काळसर, झिजून पातळ झालेली, आणि तिच्यात क्वीनीचे मलईच्या रंगाचे केस रुतलेले, नवे, जुने, थरावर थर. मी ती हातात घेतली आणि जन्मात पहिल्यांदा मला तो वास आला. खुराड्याचा वास. रेल्वेकडेचा, गुड फ्रायडेचा. खोक्यात आणखी किती वड्या आहेत ते बघायची हिंमत झाली नाही.

"हिल्डा. दे ना."

तो हात पुढं करून बसला होता. ते हात मी बघितले. कोळशाचे निळे डाग कातडीच्या आत तसेच होते, आणि बाकी कातडी घासूनघासून सोललेली. तिला हात लावायच्या आधी तो स्वतःचेही हात त्याच साबणानं धूत असणार.

मी वडी त्याच्या हातात दिली.

त्यानं तिला हळूहळू धुतलं. कानांमागे, बोटांच्या मध्ये, पोटावर. मधूनमधून थांबून श्वास घेत होता. "आता नाही खाजणार," तिला म्हणाला. मी पंचा धरून उभी राहिले. बटाट्यांच्या ओळीच्या टोकाला आम्ही तिला पुरली.

टॉटनं नंतर एक पिल्लू आणून दिलं होतं, कोटातून, न बोलता. सेपनं त्याला हात लावला नाही. "घेऊन जा," म्हणाला. "माझ्या हातून आता काही जगायचं नाही." टॉट माझ्याकडे बघायला लागला, जसं काही मी काही बोलेन. मी चहा टाकायला उठले.

आता मी रोज सकाळी जाते आणि पडदे सारते. तो अंथरुणात असतो. "ऊठ," मी म्हणते, "तोंड धू." कधी उठतो, कधी नाही. उठला तर मोरीत जातो, आणि मग सगळ्या घरात तो वास पसरतो.